कॅडमस : थीब्ज नगराचा संस्थापक राजा

जगांतील बहुतेक प्राचीन नगरांच्या आरंभीं एखाद्या राजाचें नांव असतें, आणि त्या नांवाभोंवतीं कालांतरानें इतक्या कथा जमतात कीं, खरा मनुष्य कोणता व लोकांनीं निर्मिलेला कोणता, हें ओळखणें कठीण होऊन बसतें. ग्रीस देशांत तर प्रत्येक नगरास असा एक आद्य राजा होता. अथेन्सचे लोक सिक्रॉप्स व थीसिअस यांचीं नांवें अभिमानानें घेत. कॉरिंथच्या लोकांस सिसिफस होता. परंतु थीब्ज नगर वसविणारा जो कॅडमस, त्याची गोष्ट या सर्वांहून निराळी आहे. तो ग्रीक नव्हताच; समुद्रापलीकडून आलेला परदेशी होता. शिवाय नगर वसवावें, राज्य करावें, हा हेतु मनांत धरून तो घरांतून निघाला नव्हता. तो आपली हरवलेली बहीण शोधावयास निघाला होता. ती त्यास सांपडली नाहीं. जें सांपडलें व जें त्यानें मागें ठेविलें, तें आम्ही आज आमच्या विद्यार्थिवाचकांस सांगणार आहों.

आरंभींच एक खुलासा करणें अवश्य आहे. कॅडमसाचें चरित्र म्हणजे इतिहास नव्हे, तें पुराण आहे. त्याच्या जन्माची तिथि नाहीं, मरणाचें वर्ष नाहीं. पारोस बेटावरील एका प्रसिद्ध शिलालेखांत, जो इ. स. पूर्वी तिसऱ्या शतकांतला आहे, त्याच्या आगमनाचा काळ इ. स. पूर्वी सोळाव्या शतकांत घातला आहे. परंतु तो हिशेब पुराव्यावर नव्हे, परंपरेवर बसविलेला आहे. शिवाय या कथेंत अनेक देवदेवता येतात आणि त्यांचें वर्तन पुष्कळ वेळां माणसांहूनहि हलकें असतें. अशी कथा ख्रिस्ती शाळेच्या वार्षिक अंकांत कां यावी, असें एखाद्या पालकांस वाटणें स्वाभाविक आहे. संत पौलानें अथेन्स येथें अरीयपगावर भाषण करितांना ग्रीक कवींच्याच वचनाचा आधार घेतला होता, एवढी आठवण त्यांस देऊन आम्ही पुढें जातों.

भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर, हल्लींच्या लेबानन देशांत, टायर व सायडन या नांवांचीं दोन फार जुनीं बंदरें आहेत. मराठी पवित्र शास्त्रांत सोर व सीदोन म्हणून ज्यांचा उल्लेख येतो तींच हीं. शलमोन राजास मंदिरासाठीं गंधसरूचें लांकूड पाठविणारा हिराम राजा येथलाच. या किनाऱ्यावरील लोकांस ग्रीक लोक फिनीशियन म्हणत. ते मोठे दर्यावर्दी होते. समुद्रांतील शिंपल्यांपासून काढलेल्या जांभळ्या रंगाचा त्यांचा व्यापार दूरदूरच्या देशांशीं चाले. या देशीं अजीनॉर नांवाचा राजा होता. त्याच्या राणीचें नांव टेलिफासा. त्यांस कांहीं मुलगे होते, त्यांतला एक कॅडमस. आणि यूरोपा नांवाची एक मुलगी होती.

एके दिवशीं यूरोपा मैत्रिणींसह समुद्रकांठच्या कुरणांत फुलें वेंचीत असतां तिला एक शुभ्र बैल दिसला. तो इतका गरीब व देखणा होता कीं, भीति न वाटतां तिनें त्याच्या शिंगांस फुलांच्या माळा बांधल्या आणि शेवटीं ती त्याच्या पाठीवर बसली. तो बैल म्हणजे वेष पालटून आलेला देवांचा राजा झ्यूस होता. तो हळूहळू पाण्याकडे गेला आणि मैत्रिणी हांका मारीत किनाऱ्यावर उभ्या आहेत तोंच तिला घेऊन समुद्र तोडीत क्रीट बेटाकडे निघून गेला. तेथें ती पुढें मायनॉस राजाची आई झाली.

अजीनॉरास यांतलें कांहींच ठाऊक नव्हतें. सकाळीं घरांत असलेली मुलगी संध्याकाळीं नाहीं, एवढेंच त्याला कळलें. त्यानें सर्व मुलग्यांस बोलावून आज्ञा केली कीं, बहिणीस शोधून आणा, आणि ती सांपडल्यावांचून या घरीं परत पाऊल टाकूं नका. शोकाच्या भरांत मनुष्य जें बोलतो तें तोलून बोलत नाहीं. एक मुलगी गेली म्हणून या बापानें उरलेले मुलगेहि आपल्या हातानें दाराबाहेर घातले. कारण यूरोपा क्रीटमध्यें होती व देवाच्या आश्रयाखालीं होती, ती त्यांस सांपडणें शक्यच नव्हतें. सिलिक्स नांवाचा मुलगा थकून ज्या प्रदेशांत राहिला त्यास सिलिशिया हें नांव पडलें. शास्त्रांत त्यास किलिकिया म्हणतात; तोच पौलाचा जन्मप्रांत. थासॉस हा उत्तरेकडील एका बेटांत राहिला व बेटास त्याचें नांव मिळालें. घरीं कोणीच परत आलें नाहीं.

कॅडमसाबरोबर मात्र त्याची आईहि निघाली होती. राणी असून टेलिफासा महालांत बसून राहिली नाहीं. मुलीच्या शोधांत ती मुलाबरोबर देशोदेशीं हिंडली. ग्रीसच्या उत्तरेस थ्रेस नांवाचा थंड व डोंगराळ मुलूख आहे, तेथपर्यंत हीं दोघें येऊन पोंचलीं. तेथेंच तिचा अंत झाला. ग्रीक कथाकार हा प्रसंग एका वाक्यांत सांगून मोकळे होतात. आम्हांस मात्र तो या सबंध चरित्रांतला फार करुण प्रसंग वाटतो. परक्या देशांत आईस मूठमाती देऊन हा तरुण उभा राहिला तेव्हां त्याला पुढें रस्ता नव्हता आणि मागें घर नव्हतें.

अशा स्थितींत तो डेल्फाय येथें गेला. पार्नासस पर्वताच्या कुशींत अपोलो देवाचें तेथें मोठें प्रसिद्ध मंदिर होतें, आणि संकटांत सांपडलेले लोक तेथील पुजारिणीच्या मुखानें देवाचा कौल घेत. कॅडमसानें बहिणीविषयीं विचारिलें. कौल मिळाला तो निराळाच. यूरोपेचा शोध सोडून द्यावा. वाटेंत एक गाय भेटेल, तिच्या मागून चालावें. ती थकून जेथें बसेल तेथें नगर वसवावें. जो प्रश्न घेऊन तो एवढ्या दूर आला, त्याचें उत्तर त्याला मिळालें नाहीं. तरी तो रुसून बसला नाहीं. मंदिराचा डोंगर उतरून फोसिस प्रांतांत येतो तोंच पेलॅगॉन नांवाच्या एका मनुष्याच्या खिल्लारांतील गाय त्यास दिसली. तिच्या दोन्ही कुशींवर पूर्णचंद्रासारखा पांढरा ठिपका होता, असें म्हणतात. ती चालूं लागली, तो मागून निघाला. राजपुत्रानें गाईमागें जावें आणि ती कोठें बसते याची वाट पाहावी, हें दृश्य मोठें विलक्षण खरें! शेवटीं एका सखल प्रदेशांतील टेकडीजवळ ती खालीं बसली. ग्रीक भाषेंत गाईबैलांस जो शब्द आहे त्यावरून त्या प्रांतास बीओशिया हें नांव पडलें, असें ग्रीक लोक सांगत.

गाय देवीला अर्पण करावयाची, तर पाणी पाहिजे. कॅडमसानें आपल्या सोबत्यांस जवळच्या झऱ्यावर पाठविलें. तो झरा युद्धदेव एरीझ याचा होता व त्यावर एका प्रचंड सर्पाचा पहारा होता. सोबती परत येईनात म्हणून कॅडमस पाहावयास गेला, तों ते मरून पडलेले! त्यानें त्या सर्पाशीं झुंज घेऊन त्यास ठार मारिलें. नंतर अथीना देवीच्या सांगण्यावरून त्याचे दांत काढून त्यानें जमिनींत पेरले. त्या पेरणींतून धान्य उगवलें नाहीं. आधीं भाल्यांचीं टोकें, मग शिरस्त्राणें, मग खांदे आणि ढाली, अशीं शस्त्रधारी माणसें उगवलीं. कॅडमसानें त्यांच्यामध्यें दगड फेंकला. तो आपल्यांतल्याच कोणीं मारिला असें समजून ते एकमेकांवर तुटून पडले, आणि शेवटीं पांचच उरले. एकायन हा त्यांतला प्रमुख. या पांचांनीं शस्त्रें टाकिलीं व कॅडमसास नगर बांधण्यास साहाय्य केलें. थीब्जमधील जुनीं सरदार घराणीं आपली उत्पत्ति त्यांच्यापासून सांगत आणि पेरलेल्यांचे वंशज म्हणून मिरवीत. ज्या सर्पानें त्याचे सोबती मारिले, त्याच्याच दांतांपासून झालेले लोक त्याचे पहिले नागरिक झाले, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

परंतु तो सर्प एरीझचा होता, तेव्हां हत्येचें प्रायश्चित्त घेणें भाग होतें. कॅडमसानें आठ वर्षें एरीझची चाकरी केली. नगराचा संस्थापक आधीं नोकर झाला आणि मग राजा. मुदत पुरी होतांच अथीनेनें त्यास राज्य दिलें व झ्यूसनें हार्मोनिया ही पत्नी दिली. ही त्याच एरीझची मुलगी. म्हणजे ज्याचा अपराध केला त्याचाच तो जांवई झाला! तिच्या नांवाचा अर्थ मेळ किंवा एकोपा असा आहे. त्या लग्नास सर्व देव कॅडमसाच्या घरीं जेवावयास आले आणि काव्यगायनाच्या देवतांनीं मंगलगीतें गाइलीं. देवांचा लोहार हेफिस्टस यानें घडविलेला एक सुंदर कंठा वधूस आहेर म्हणून मिळाला. पुढें तो ज्याच्या ज्याच्या हातीं गेला त्याचें वाईट झालें. पण त्या दिवशीं कोणास त्याची शंकाहि आली नाहीं.

कॅडमसानें टेकडीवर किल्ला बांधिला, त्यास कॅडमीआ म्हणत. त्याच्या पायथ्याशीं पुढें सात वेशींचें थीब्ज नगर वाढलें. राज्यकारभाराविषयीं कथा फारसें सांगत नाहीं, व आम्हीहि पदरचें कांहीं घालीत नाहीं. मात्र त्यानें आणिलेल्या अक्षरांविषयीं थोडें विस्तारानें लिहिलें पाहिजे.

हेरॉडोटस हा ग्रीक इतिहासकार इ. स. पूर्वी पांचव्या शतकांत होऊन गेला. कॅडमसाबरोबर आलेल्या फिनीशियन लोकांनीं ग्रीसमध्यें लेखनकला आणिली, पूर्वी ती ग्रीकांस ठाऊक नसावी, असें त्यानें लिहून ठेविलें आहे. थीब्ज येथील अपोलोच्या मंदिरांत तिवयांवर कोरलेलीं कॅडमसाचीं अक्षरें आपण स्वतः पाहिलीं, असेंहि तो सांगतो. यांत खरें किती? पुरावा अक्षरांच्या नांवांतच आहे. ग्रीक मुलें आल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा असें पाठ करितात. परंतु या नांवांस ग्रीक भाषेंत अक्षरापलीकडे दुसरा अर्थ नाहीं. फिनीशियन व इब्री या सख्ख्या भाषांत मात्र तो आहे. अलेफ म्हणजे बैल, बेथ म्हणजे घर, दालेथ म्हणजे दार. फिनीशियन लिपींत अशीं २२ अक्षरें होतीं, इब्रींतहि तितकींच आहेत. ११९ वें स्तोत्र ज्यांनीं पाठ केलें असेल त्यांस ठाऊक असेल कीं, त्याचीं १७६ वचनें आठ-आठांच्या २२ भागांत पाडलेलीं असून प्रत्येक भाग इब्री वर्णमालेंतील एकेका अक्षराचा आहे. तीच ही वर्णमाला.

तीत एक उणीव होती. तिच्यांत व्यंजनेंच असत, स्वर लिहीत नसत. मराठींत एखाद्यानें काना, मात्रा, वेलांटी सर्व गाळून ‘कर’ असें लिहिलें, तर तें कर वाचावें, कार वाचावें, कीं कीर किंवा कोर, हें वाचणाऱ्यानें संदर्भावरून ताडावें लागेल. तसाच तो प्रकार होता. ग्रीकांनीं युक्ति केली. ज्या फिनीशियन अक्षरांचे उच्चार त्यांच्या भाषेंत नव्हते, तीं अक्षरें त्यांनीं स्वरांसाठीं योजिलीं. बैलाचें अलेफ असें आल्फा झालें व ‘अ’ म्हणूं लागलें. ग्रीकांची ही लिपि पुढें इटलींत गेली, तिच्यापासून रोमन लिपि झाली. आणि आपल्या पहिल्या इंग्रजी पुस्तकांतील पहिलें मोठें अक्षर उलटें करून पाहिलें तर बैलाचें शिंगांसह डोकें अजूनहि ओळखूं येतें. नवा करारहि मुळांत याच ग्रीक अक्षरांत लिहिला गेला.

तथापि काळाचा मेळ बसत नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. विद्वानांच्या मतें ग्रीकांनीं ही वर्णमाला इ. स. पूर्वी आठव्या शतकाच्या सुमारास घेतली; म्हणजे शिलालेखानें कॅडमसास दिलेल्या काळानंतर सुमारें सातशें वर्षांनीं. शिवाय हेरॉडोटसास ठाऊक नसलेली एक गोष्ट आज आपणांस ठाऊक आहे. त्या वर्णमालेच्याहि पूर्वी ग्रीक लोक सुमारें ९० चिन्हांची एक वेगळीच लिपि मातीच्या पाट्यांवर लिहीत असत. मायकेल व्हेंट्रिस या इंग्रज वास्तुशिल्पज्ञानें १९५२ सालीं ती उलगडली, आणि तशा पाट्या थीब्जमध्येंहि निघाल्या आहेत. इ. स. पूर्वी १२०० च्या सुमारास राजवाडे जळाले व ती लिपि लोक विसरून गेले. मग पूर्वेकडून राजा आल्याची ही कथा निव्वळ कल्पना समजावी काय? थीब्जच्या जुन्या किल्ल्यांत १९६३ सालीं खणतांना एक चमत्कारिक ठेव हातीं लागली. निळ्या राजावर्त पाषाणाच्या तीसांहून अधिक मुद्रा तेथें होत्या, व त्यांतल्या कित्येकांवर बाबिलोनी लिपींतील लेख होते. कॅडमस आला असें यावरून सिद्ध होत नाहीं; पण पूर्वेकडील वस्तु त्या टेकडीपर्यंत खरोखरच येत होत्या, एवढें निश्चित. कॅडमस या नांवाचें मूळ सेमिटिक भाषांतील पूर्व या अर्थाच्या शब्दांत असावें, असेंहि कित्येक पंडित म्हणतात.

आतां पुन्हा मूळ कथेकडे वळूं. कॅडमस व हार्मोनिया यांस ऑटोनोई, आयनो, सेमेली व अगेव्ही या चार मुली आणि पॉलिडोरस हा एक मुलगा झाला. सुखाचा संसार येथपर्यंतच. ऑटोनोईचा मुलगा ॲक्टिऑन शिकारीस गेला असतां नकळत आर्टेमिस देवीच्या स्नानाच्या जागीं पोंचला. देवीनें त्यास हरिण केलें व त्याच्याच कुत्र्यांनीं त्यास फाडिलें. सेमेली झ्यूसच्या विजेनें जळून गेली. आयनोनें मुलास कवटाळून समुद्रांत उडी घेतली. म्हाताऱ्या कॅडमसानें राज्य अगेव्हीचा मुलगा पेंथिअस याच्या हवालीं केलें होतें. सेमेलीचा मुलगा डायोनायसस हा नवा देव म्हणून नगरांत आला तेव्हां पेंथिअसानें त्यास मानिलें नाहीं. त्या देवाच्या उन्मादानें भान हरपलेल्या स्त्रियांनीं पेंथिअसास सिंह समजून डोंगरावर ठार केलें, आणि त्यांच्या अग्रभागीं त्याची आई होती.

यूरिपिडीझ या कवीचें यावरील नाटक त्याच्या मृत्यूनंतर इ. स. पूर्वी ४०५ सालीं अथेन्समध्यें झालें. त्यांत शेवटीं कॅडमस नातवाच्या देहाचे अवशेष गोळा करून आणतो, आणि आपण सिंह मारला या आनंदांत आलेल्या मुलीस हळूहळू शुद्धीवर आणून, हातांत काय आहे तें पाहावयास लावतो. आकाशाकडे पाहा, असें तो तिला प्रथम सांगतो. मग तिचा नवरा कोण, मुलगा कोण, हें विचारतो. आणि मग हाताकडे पाहावयास सांगतो. बापाला याहून कठीण काम कधीं करावें लागलें असेल, असें आम्हांस वाटत नाहीं.

हें सर्व कां घडलें? ग्रीकांचें नेहमींचें उत्तर असें कीं, सर्प मारल्याचा एरीझचा राग शमला नव्हता. आम्हांस तें पटत नाहीं. आठ वर्षांची चाकरी करून जो अपराध फेडला, त्याबद्दल नातवंडांनीं पुन्हा मरावें, हा न्याय नव्हे. कदाचित् ग्रीकांसहि तो न्याय वाटत नसावा. म्हणूनच तर त्यांच्या कवींनीं या घराण्याची कथा पुनः पुनः सांगितली. पॉलिडोरसापासून वंश पुढें चालला. त्याचा मुलगा लॅब्डॅकस, त्याचा लेयस आणि त्याचा ईडिपस. ईडिपसाच्या दुर्दैवाची कथा आमच्यांतील मोठ्या विद्यार्थ्यांनीं ऐकिली असेलच; तो कॅडमसाचा खापरपणतू. कॅडमसाच्या नगराचाहि असाच नाश झाला. इ. स. पूर्वी ३३५ सालीं अलेक्झांडरानें थीब्ज जमीनदोस्त केलें. देवळें व पिंडार कवीचें घर तेवढें राखलें. पुढें तें पुन्हा वसलें व आज थीवा नांवाचें एक लहानसें शहर त्याच टेकडीवर आहे.

आपण वसविलेल्या नगरांत कॅडमस शेवटपर्यंत राहिला नाहीं. म्हातारपणीं तो हार्मोनियेचा हात धरून वेशीबाहेर पडला. लहानपणीं एका घरांतून त्याला बापानें बाहेर काढिलें होतें. हें दुसरें घर त्याचें त्यानेंच सोडिलें. दोघें वायव्येस फार दूर, हल्लींच्या अल्बेनियाच्या बाजूस असलेल्या इलिरिया देशांत गेलीं. तेथील लोकांनीं त्यास आपला पुढारी केलें, अशी एक कथा आहे. यूरोपेची व त्याची पुन्हा कधीं भेट झाल्याचें या कथांत सांगितलेलें नाहीं. एका सबंध खंडास तिचें नांव मिळालें, हेंहि त्याला कळलें नसावें.

तेथें एके दिवशीं आपल्या घरावर आलेल्या संकटांचा विचार करीत असतां त्याला तो झरा व तो सर्प आठवला. देवांस त्या सर्पाबद्दल एवढा राग असेल तर आपणहि सर्पच व्हावें, असें तो मनाशीं म्हणाला, आणि त्याचें शरीर पालटूं लागलें. हात होते तोंवर त्यानें हार्मोनियेस जवळ बोलाविलें. ती भ्याली नाहीं. मलाहि याच्यासारखी करा, अशी तिनें देवांची विनवणी केली. पाहतां पाहतां तेथें दोन सर्प झाले व एकमेकांस वेढे देत जवळच्या झाडींत शिरले. ते माणसांपासून पळत नसत आणि कोणास दंशहि करीत नसत, असें रोमन कवि ओव्हिड यानें लिहिलें आहे. आपण पूर्वी कोण होतों, हें त्यांच्या ध्यानांत राहिलें होतें.